मूल कोणत्या गावचं?

बोरी बुद्रुकचं नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत केव्हाच जाऊन बसलं आहे. जुन्नर तालुक्यातल्या या गावाजवळ कुकडीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. ही राख इंडोनेशियातल्या टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, की त्याहून बरीच जुनी, यावर अभ्यासकांत वाद झडले. हजारो पिढ्यांपूर्वी या काठावर कोण राहून गेलं, हे शोधायला लोक दुरून येतात. या लेखाला मात्र ऊसतोडीच्या हंगामापुरतं या पट्ट्यात राहून जाणाऱ्या माणसांशी काम आहे. वय वर्षे एक, दीड, दोन. मुक्काम फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. त्यांची नोंद नेमक्या कुठल्या गावच्या वहीत सापडेल, हे शोधणं राखेचं वय ठरवण्याइतकंच जिकिरीचं आहे.

कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी जुन्नर-आंबेगावचा पूर्वेकडचा भाग बागायती केला. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, बटाटा आणि तरकारी मंचरला, ऊस विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याला. या बागायतीला हात लागतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त कष्ट बायकांचे. लागण, खुरपणी, टोमॅटोचा तोडा, कांद्याची काढणी ही सगळी वाकून करायची कामं. घरच्या बायका असतातच. शिवाय तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतून महादेव कोळी आणि ठाकर मजूर येतात. ऊसतोडीला बीड-नगरकडच्या टोळ्या येतात. बाई सकाळी आठला शेतात उभी राहिली की संध्याकाळपर्यंत तिचं पोर कुणाकडे असतं?

उत्तरं तीनच. सोबत आणायचं आणि बांधावरच्या झाडाला साडीची झोळी करून त्यात घालायचं. नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कमरेवर द्यायचं, म्हणजे बहिणीची शाळा बुडाली. नाहीतर म्हाताऱ्या सासूकडे ठेवायचं, जिला स्वतःलाच उठायला आधार लागतो. जुन्नर भागात या तिन्हींच्या वर एक चौथी काळजी आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके वनखात्याच्या जुन्नर विभागात येतात आणि इथला बिबट्या उसातच जन्मतो, उसातच वाढतो. बांधावर खेळणारं पोर किंवा वाकून काम करणारी बाई त्याला लहान जनावरासारखी दिसते, असं जाणकार सांगतात. बळी गेलेल्यांत लहान मुलं आहेत, मजुरांची आहेत. बालसंगोपनावरच्या शहरी पुस्तकांत पाळणाघर ही नोकरदार आईची सोय असते. इथे ती आधी पोराच्या जिवाची गोष्ट आहे.

आता सरकारी बाजू पाहू, कारण ती दिसते तितकी रिकामी नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा प्रायोगिक प्रकल्प फक्त ३३ होते. त्यांत मेळघाटातलं धारणी होतं आणि मुंबईची धारावीही. आज राज्यात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. निकष असा, की साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी. डोंगरी आणि आदिवासी भागात ३०० लोकवस्तीलाही. सहा सेवा ठरलेल्या आहेत: पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या दवाखान्यात पाठवणं आणि आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण. याला आरोग्य खात्याची जोड आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहायचं. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा जायचं.

या घरभेटी दिल्लीत बसून कुणाला सुचलेल्या नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुदोष ओळखायचा आणि औषध द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि २०११ पासून ती पद्धत आशांच्या कामाचा भाग झाली. देशाच्या बालआरोग्यातल्या मोजक्या भक्कम गोष्टींपैकी एक आपल्याकडून गेली, हे आपल्यालाच फारसं माहीत नसतं.

मग अडतं कुठे? कागदावर पहिल्या हजार दिवसांत, म्हणजे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, बाळाकडे कुणी ना कुणी येतच राहतं. पण नीट पाहिलं तर दोन फटी दिसतात. एक वयाची. अंगणवाडीत बसतं ते तीन ते सहा वर्षांचं मूल. त्याला तिथे गरम आहार मिळतो, गाणी मिळतात. तीन वर्षांखालच्या मुलाला मिळतं घरपोच आहाराचं पाकीट. ते स्वतः तिथे नसतं. दुसरी फट वेळेची. अंगणवाडी सकाळी भरते आणि दुपारी सुटते. मजुरी संध्याकाळी सुटते. म्हणजे ज्या वयात मुलाला सगळ्यात जास्त जपायला हवं आणि ज्या तासांत आई नसते, नेमकं तिथेच व्यवस्थेचं दार बंद असतं.

हे वय इतकं नाजूक का, याचं एक उत्तर पुणे जिल्ह्याच्याच गावांतून जगाला मिळालं आहे. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गर्भधारणेच्या आधीपासून बायकांचं वजन, उंची, जेवण आणि कामं नोंदवायला घेतली आणि मग जन्मलेली मुलं वर्षानुवर्षं पाहिली. या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. नवल वजनातल्या फरकाचं नव्हतं. आपली बाळं हाडामांसाने किरकोळ होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं आणि तरी आतून मेदाकडे झुकलेलं हे बाळ पुढे मधुमेहाच्या वाटेला लवकर लागू शकतं, या विचाराची सुरुवात इथून झाली.

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी जुन्नर-आंबेगावच्या कामाच्या आहेत. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध फारसा दिसला नाही. पण ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. आणि ज्या बायका गरोदरपणात शेतातली, पाणी वाहण्याची जड कामं जास्त करत होत्या, त्यांची बाळं लहान होती. मुंबईला मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरून पाठवणाऱ्या पट्ट्यात, त्या जुड्या बांधणाऱ्या बाईच्या ताटात मेथी आठवड्यातून किती वेळा पडते, असा हा रोकडा प्रश्न आहे. आणि सातव्या महिन्यात ती कशाला वाकते आहे, असाही. बाळाची व्यवस्था बाळ जन्मायच्या आधी, आईच्या रोजंदारीपाशी सुरू होते. आपल्या योजनांत आईला आहार आहे, थोडे पैसे आहेत. पण शेतमजूर बाईला रोज न बुडता मिळणारी विश्रांती कुठेच नाही.

मूल जन्मल्यावर ते नीट वाढतंय की नाही हे कळणार कसं? इथे थोडं थांबायला हवं, कारण साऱ्या व्यवस्थेचे डोळे म्हणजे अंगणवाडीताईचा वजनकाटा आणि उंचीची पट्टी. वजन घेणं सोपं. झोळीत किंवा काट्यावर पोर ठेवलं, ते स्थिर झालं की आकडा वाचायचा. लांबी मोजणं अवघड. दोन वर्षांखालच्या मुलाला उभं करून मोजत नाहीत, फळीवर उताणं झोपवतात. एकीने डोकं वरच्या पाटीला टेकवून धरायचं. दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पाटी तळव्यांना भिडवायची. पोर रडतं, आकसतं, पाय आखडून घेतं. एकटीने हे काम होत नाही. मदतनिसाची जागा रिकामी असेल तर मोजमाप अंदाजाने होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांत दोन वर्षांच्या मुलीची मधली लांबी साधारण ८६ सेंटिमीटर आहे आणि ८० च्या खाली गेली की ती खुजी धरली जाते. निरोगी आणि खुजं यांच्यातलं सगळं अंतर सहा सेंटिमीटर. त्यात हात हलून एक-दीडचा फरक पडला तर मूल या रकान्यातून त्या रकान्यात जातं.

वजन आणि लांबी वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. वजन आत्ताची खबर देतं: मागच्या पंधरवड्यात जुलाब झाले, ताप आला, खाणं सुटलं. लांबी जुनी हकिकत सांगते, म्हणजे पोटातल्या नऊ महिन्यांची आणि नंतरच्या प्रत्येक आजारपणाची. वजन महिन्याभरात भरून निघू शकतं. दोन वर्षांपर्यंत हुकलेली उंची पुढे फारशी हाती लागत नाही, आणि तिच्याबरोबर बुद्धीच्या वाढीचाही काही वाटा हुकलेला असतो. तिसरं साधन दंडाची पट्टी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टीवर लाल रंग दिसतो, म्हणजे मूल तीव्र कुपोषित, 'सॅम'. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषित, 'मॅम'. ही पट्टी खिशात मावते, वीज लागत नाही, आणि कोपीच्या दारातही चालते.

या मोजमापांतून महाराष्ट्राचं जे चित्र उभं राहतं ते कोड्यात टाकणारं आहे. मेळघाट आणि नंदुरबारच्या बालमृत्यूंवरून राज्य हादरलं आणि २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. सनदी अधिकारी व्ही. रमणी त्याचे पहिले महासंचालक. मिशनने नवी योजना आणली नाही, हेच त्याचं शहाणपण. महिला-बालविकास आणि आरोग्य या दोन खात्यांना एका टेबलाशी बसवलं. सेविका, पर्यवेक्षिका, परिचारिका यांच्या रिकाम्या जागा भरायला लावल्या. वजनं खरी घ्या, कुपोषणाचे आकडे वाढले म्हणून कुणाला शिक्षा होणार नाही, असा दिलासा दिला. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा होता, कारण आकडा लपवण्याची सवय खालून येत नाही, वरच्या ओरडण्यातून येते. पुढच्या टप्प्यात युनिसेफच्या मदतीने लक्ष दोन वर्षांखालच्या मुलांवर वळवलं.

२०१२ साली राज्याने वेगळी पाहणी करून घेतली तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. सात वर्षांत एवढी घट जगात क्वचित झाली आहे. त्याची कारणं शोधायला बाहेरचे अभ्यासक आले आणि त्यांनाही एकच किल्ली सापडली नाही: मुलींची लग्नं थोडी उशिरा, शिक्षण थोडं जास्त, उत्पन्न वाढलेलं आणि गावपातळीवरची सेवा सुधारलेली, असं सगळं एकदम. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा पाहावा तर २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. वयोगट वेगळे, पाहण्या वेगळ्या, म्हणून २३ आणि ३५ शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. पण राष्ट्रीय पाहणी स्वतःशीच ताडून पाहिली तरी २००५-०६ च्या ४६ टक्क्यांवरून घसरलेली रेघ नंतर आडवी झाली, हे खरं आहे. रिकाम्या जागा भरून आणि नीट मोजून जेवढं मिळायचं तेवढं मिळालं. उरलेलं पाकिटाने किंवा काट्याने मिळणारं नाही, असं माझं मत आहे. ते मिळेल आईच्या वेळेच्या बाजूने.

ही गोष्ट मराठी माणसांनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखली होती. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, तेव्हा माँटेसरी पद्धत ही शहरातल्या सुखवस्तू घरांची गोष्ट होती. १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. बालवाडी उघडली, दलित वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आधी अंघोळ, केस विंचरणं, मग गाणी आणि खेळ. साधनं झाडाच्या बियांची, शिंपल्यांची, बांबूची. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झालं तेव्हा पुढचा पेच आला. मोठी मुलं गुरांमागे रानात, मुली धाकट्यांना सांभाळत घरी. यावर कुरणशाळा निघाली, जिथे गुरं चरतात तिथे शाळा. आणि विकासवाडी निघाली, जिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली. बहीण धाकट्याला कमरेवर घेऊन आली तरी चालेल. तो पाळण्यात, ती वर्गात. वर सांगितलेल्या तीन उत्तरांपैकी दुसऱ्याला याहून सरळ तोड मला आजवर दिसलेली नाही. सरकारने यातली अंगणातली शाळा उचलली आणि देशभर नेली. पाळणा मात्र कोसबाडलाच राहिला.

पाळण्याची तरतूद कायद्यात अगदी नाही असं नाही. रोजगार हमीच्या कामावर बायकांबरोबर पाच वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला तीच मजुरी द्यायची, असं राष्ट्रीय रोजगार हमी कायदा सांगत आला. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघर बंधनकारक आहे. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे. मुंबईत १९७० च्या दशकापासून मोबाइल क्रेश संस्था बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत आली. बिल्डर जागा देतो, इमारत उठली की पाळणाघर पुढच्या जागेवर जातं. पण टोमॅटोच्या प्लॉटवर आलेल्या दहा बायका कुठल्याच कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. त्या रोजगार हमीवर नसतात आणि शेतकरी पन्नास माणसांची आस्थापना नसतो. पाळणाघर कुणी चालवायचं याचं उत्तर त्यामुळे कुणाकडेच नसतं.

पाळणाघर म्हणजे नुसतं सांभाळणं नव्हे, हेही सांगायला हवं. जमैकात किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी नऊ महिने ते दोन वर्षं वयाची १२९ खुजी मुलं घेतली. काहींना दर आठवड्याला जादा दूध दिलं. काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका गेली आणि तिने आईला पोराशी खेळायला, बोलायला शिकवलं. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी ती मुलं कमावती झाली तेव्हा खेळाच्या गटाची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के जास्त भरली; नुसत्या दुधाच्या गटाला पुढे असा लाभ दिसला नाही. म्हणजे आहार नको असं नव्हे. उपाशी पोर खेळत नाही. पण आठवड्याचा एक तास आणि एक शिकलेली शेजारीण यांची किंमत आपण पाकिटापेक्षा कमी धरत आलो. महाराष्ट्रात सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि युनिसेफ यांच्या साथीने यवतमाळ आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यांत सुरू झालेला 'आरंभ' उपक्रम याच वाटेचा आहे. पालक मेळाव्यात बाप मांडी घालून बसतो आणि सात-आठ महिन्यांच्या पोराशी डबा-झाकणाचा खेळ खेळतो, तेव्हा सेविकेने वर्षभर सांगितलेलं एका दिवसात पटतं.

हे सगळं करायचं मात्र त्याच सेविकेने. तिचं नाव मानधनी. कर्मचारी म्हणून तिला अजून धरलेलं नाही. २०२१ साली राज्यभर सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले, कारण नोंदी भरायचं 'पोषण ट्रॅकर' ॲप त्यावर चालेना. त्यात मराठीत भरायची सोयही धड नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सांगितलं. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ राज्यातल्या अंगणवाड्या संपात बंद राहिल्या. दर नवी योजना आली की 'सेविकेमार्फत राबवावी' असं एक वाक्य जोडणं फार सोपं आहे. बैलगाडीत पोतं टाकत राहावं तसं चाललंय, आणि बैल एकच.

आता पुन्हा कोपीतल्या पोराकडे येऊ, कारण व्यवस्थेची खरी परीक्षा त्याच्यापाशी आहे. अंगणवाडी गावाच्या पत्त्यावर उभी आहे आणि पोर आईच्या कमरेवर फिरतं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याला घोडेगावचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. आदिवासी भागात डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे: गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला रोज एक वेळचं चौरस ताजं जेवण, आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी. ती बाई आठव्या महिन्यात कामाला पूर्वेकडे बागायतीत उतरली, की तिचं ताट वरच्या गावात राहतं. तालुका तोच, अंतर दोन-तीन तासांचं, पण योजना डोंगर उतरून येत नाही. ऊसतोड मजुराचं पोर तर नोव्हेंबरच्या आसपास घर सोडतं ते उन्हाळ्यापर्यंत. वर्षातले पाचेक महिने. त्याचं लसीकरणाचं कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत, वजनाची नोंद तिकडच्या वहीत. इकडच्या सेविकेच्या यादीत ते नाही, म्हणून त्याचं पाकीटही नाही. देईल तर स्वतःच्या जबाबदारीवर, कुणाच्या तरी वाट्यातून काढून. बऱ्याच जणी देतातही.

राज्याच्या महिला व बालविकास विभागाने यासाठी स्थलांतरित कुटुंबांचा माग ठेवणारी 'मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टीम' आणली; सुरुवात अमरावती, गडचिरोली, चंद्रपूर, पालघर, नंदुरबार आणि जालना या जिल्ह्यांपासून झाली. कल्पना चांगली: निघतानाच्या गावी नोंद करायची, पोचल्या गावी ती उघडायची. अडचण अशी, की निघताना कुटुंबाला आपण कुठे पोचणार हेच नेमकं ठाऊक नसतं. मुकादम नेईल तिथे जायचं, एक फड संपला की दुसऱ्या गावाला. म्हणून नुसत्या निघण्याच्या टोकाने भागणार नाही. पोचण्याच्या टोकाला, म्हणजे बोरीसारख्या गावांत, आलेलं पोर बघणारं कुणीतरी हवं.

ग्रामपंचायतीला इथे बरंच करता येतं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्चायची असते. बहुतेक गावांत त्या पैशाची शिलाई मशिनं किंवा अंगणवाडीला खुर्च्या-टेबलं येतात. वाईट काहीच नाही, पण खुर्चीवर बसणारं मूल तीन वर्षांचं झालेलं असतं. त्याच पैशातून हंगामाचे महिने दोन बायकांना मानधन देता येईल. अंगणवाडीचीच खोली दुपारनंतर उघडी ठेवता येईल, झोळ्या बांधायला दोन हूक, पाण्याची सोय, खिडकीला जाळी आणि दाराला बिबट्यापासून आडोसा होईल. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यांनी दिवसाला थोडं घातलं तर तेही फिटेल. पोर सुरक्षित असलं तर बाई तोड्याला मन लावून राहते, दर तासाला बांधाकडे पळत नाही. हा हिशेब शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. पश्चिमेच्या डोंगरात पडकईने शेतं बांधून काढणारे लोक आहेत, एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबणारे. आळीपाळीने पोरं सांभाळणं त्यांना परकं नाही. फक्त त्या रोजाचा पैसा कुणीतरी मोजायला हवा.

उरतात टोळ्या. त्यांची यादी कुठे मिळेल, हे शोधायला नवं ॲप लागत नाही. प्रत्येक कारखान्याच्या शेतकी विभागाकडे हंगामाच्या आरंभी करार होतात: कोणता मुकादम, किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, किती उचल दिली. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला रोज माहीत असतं, की कोणती टोळी आज कुणाच्या गटात तोडतेय आणि उद्या कुठे जाणार. ऊस किती तासांत काट्यावर आला पाहिजे हे बघण्यासाठी ही नोंद चोख ठेवावीच लागते. त्या यादीत सहा वर्षांखालच्या पोरांचा आणि गरोदर बायकांचा असे दोन रकाने वाढवायचे. गाळप सुरू होताना तिची एक प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, एक प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यायची, आणि टोळी हलली की चिटबॉयने सेविकेला एक फोन करायचा. मग दंडाची पट्टी खिशात घालून कोणत्या बांधावर जायचं, हे तिला विचारत फिरावं लागणार नाही.